सूतभर

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
मी काळा कोट चढवून फोर्टात जातो.
सुरुवातीला शेजारणीनं कुंदाला हळूच विचारलं होतं,
"कुठल्या लॉजवर जातात गं तुझे हे?"
कुंदा दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आत काय चालतं ते सांगायचं नाही, शपथ आहे.
एवढं सांगतो, जेवण असतं.
मटण बरं असतं, पुडिंग थरथरतं.

शेजारी बसतात निवृत्त जज्ज वागळे.
उभा जन्म लोक त्यांच्यासमोर उठून उभे राहिले,
इथं त्यांना कुणीतरी "सरक जरा" म्हणावं लागतं.
दाताचे डॉक्टर मिस्त्री, नावापुरतेच मिस्त्री.
आणि ताहेरभाई, नागदेवीला बिजागऱ्या विकतात,
घरी दार उघडायला कुणी नाही.
गेल्या श्रावणात न कळवता आले नाहीत,
तर रात्री साडेदहाला आम्ही तिघं त्यांच्या दारात.
ताप होता नुसता.
ते रडले मात्र ताप उतरल्यावर.

मी महापालिकेत होतो. छत्तीस वर्षं
लोकांच्या भिंती मोजून घरपट्टी लावली.
अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता,
लिहिलं, "बांधकाम".
खोटं नव्हतं.
आबा गवंडी होते.
माटुंग्याच्या किती इमारतींना त्यांचा हात लागला,
आणि काम संपल्यावर
एकीचाही जिना ते पुन्हा चढले नाहीत.

डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा
(एवढं तरी सांगू द्या)
समोर निळ्या मखमलीवर
गुण्या, ओळंबा, थापी.
आमच्या घरी ही मोरीपाशी गोणपाटात असायची.
कुणीतरी इंग्रजीत अर्थ वाचत होतं:
सचोटी, समता, बंधुभाव.
मला ऐकू येत होते आबा:
"ओळंबा हलायचा थांबेस्तोवर तोंड बंद ठेव."
मी ठेवलं.

एकदा सगळे जेवायला उठले,
मी मागे राहिलो.
चांदीचा गुण्या उचलला,
निमंत्रणपत्राच्या पाठीवर, कडेला टेकवून, रेघ मारली,
गुण्या उलटा केला,
त्याच टोकापासून पुन्हा मारली.
सातव्या वर्षी शिकवलेली परीक्षा.
रेघा जुळल्या नाहीत.
वर जाता जाता फाकल्या,
सूतभर.

किती जणांनी शपथा घेतल्या असतील याच्यावर.
आबांनी फेकून दिला असता.
मी बाहीनं पुसला,
होता तसा मखमलीवर ठेवला.
कागद अजून कोटाच्या आतल्या खिशात आहे.
हे मात्र शपथेत नव्हतं,
हे गुपित माझं मी ठेवलं आहे.

खाली ताहेरभाईंनी खुर्ची धरून ठेवली होती,
पानात माझ्या वाटणीची नळी काढलेली.
"कुठं राहिलास, ब्रदर?"
म्हटलं, हात धूत होतो.

आबाही फार वेळ धुवायचे,
नखातला चुना जाईस्तोवर.
आई ताट वाढून थांबलेली असायची.