दोन सुया

नळी माझ्या कानात असायची,
दोन फूट, गॅसच्या शेगडीची, नारिंगी.
दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी.
नायना स्क्रू पाव आटा फिरवायचा
आणि माझ्याकडे बघायचा.

बत्तीस वर्षं मिलमध्ये साच्यांवर जॉबर होता.
मिल बंद पडली
तेव्हा कान आधीच बंद पडलेले.
डावा पूर्ण. उजव्यात नुसती एक माशी.
आम्ही घरात ओठांनी बोलतो, खात्यात बोलायचे तसं,
आवाज न काढता, तोंड मोठं करून.
पाहुण्यांना वाटतं, भांडण चाललंय.

"इनु," म्हणायचे त्याचे ओठ.
ऐक.

गाडी डॉक्टर शिरगुप्पींची.
डॅटसन, बहात्तरची, लांब नाकाची,
नैरोबीहून बोटीनं आलेली
आणि मग रेल्वे लाइन्सला चिंचेखाली
सव्वीस वर्षं उभी.
उंदरांनी साठवलेले चिंचोके
एअर फिल्टरातून निघाले, पाव किलो भरले.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये ती ढकलत आणली
तेव्हा चहावाला म्हणाला, हे काय करायलाव मालक?
नायनाला ऐकू आलं नाही, पण त्यानं उत्तर दिलं :
साचा म्हणजे साचा.

गॅस्केट हातानं कापलं.
दाराच्या पट्टीला साच्यावरचं जुनं चामडं.
सीट इलाही तांबोळीनं शिवल्या,
जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच नवा दोरा,
एक भोक जास्त पाडलं नाही.
सुया मात्र जपानहून. दोन.
काडीपेटीएवढ्या खोक्यात, तिकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
कागदावर हवामानाचा नकाशा असावा.
नायनानं त्यावर काळं बोट ठेवून विचारलं, इथं किती ऊन?
आमच्याकडे त्रेचाळीस होतं.

एक कार्बोरेटर तीन सिलिंडरांना पाजतो, दुसरा तिघांना.
एकानं जास्त ओढलं की दुसऱ्याची तीन उपाशी.
नळीत पुढचा नुसता फुसफुसायचा,
मागचा दमेकऱ्यासारखा.
मी बोटं दाखवायची. वर. अजून.
नायना स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून
टोक इंजिनाला टेकवायचा
आणि डोळे मिटायचा.
अकरा दिवस असं.
बाराव्या संध्याकाळी
माझं "बस" आणि त्याचं मान हलवणं
एकदम आलं.
शेजारी टॉवेलचे साचे धडधडत होते,
तरी मला वाटलं, कुणीतरी गाव बंद केलंय.

डॉक्टरांच्या मुलानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.
माणूस पुण्याहून आला, लोहचुंबक घेऊन.
पत्र्यावर वीतवीत फिरवत गेला.
चिकटलं, चिकटलं, चिकटलं,
मागच्या चाकावर सुटलं आणि खाली पडलं.
ती पुट्टी नैरोबीची होती,
पण शेडमध्ये उभे आम्ही होतो.
पन्नास हजार तिथल्या तिथं उतरले.
चेसिसचा नंबर इंजिनाशी जुळला, दोन लाख चढले.
आवाज त्यानं फोनवर बोलता बोलता ऐकला.
छान आहे, म्हणाला. फोनवर की आम्हाला, कळलं नाही.

एकवीस लाखांना गेली.
आमचं बिल अडतीस हजार चारशे.
त्यात मी नळीचे साठ रुपये लावले होते.
नायनानं खोडले.
नळी आपल्याकडंच राहणार की.

जाताना तो म्हणाला, काढलेले पार्ट सगळे द्या,
मोडके, झिजलेले, जे मूळचं असेल ते.
त्यालाच तर किंमत आहे.
खोकं भरून दिलं, यादीसकट.
यादीत जुन्या सुया दोन होत्या,
खोक्यात एक भरली.
चिंचेखाली पडली असेल, मी म्हणाले,
आणि नायनाकडे बघितलं नाही.

ती आता शेगडीमागं खिळ्याला आहे.
बर्नर तुंबला की नायना
एकेका भोकात घालून पाव आटा फिरवतो,
काडी ओढतो
आणि माझ्याकडे बघतो.
मी भाकरी थापता थापता
पिठाचं बोट वर करते.
अजून.
अजून थोडं.