पेटीची पाठ

दांडिया बाजारात, लकडी पुलाच्या अलीकडे,
आमच्या ओट्यावर फाटके स्पीकर येत.
काळे कागदी कोन, पोरांनी बोटं घातलेले,
कुणाची कॉइल जळून चुंबकाला चिकटलेली.
लग्नसराईत तर रांग लागे,
जणू घसा बसलेल्यांचा दवाखाना.

मी तार गुंडाळायची.
केसाहून बारीक तांबं, पितळी साच्यावर,
शहाऐंशी वेढे. पंच्याऐंशीला कुणी हाक मारली
की पुन्हा पहिल्यापासून.
म्हणून मी अजून हाकेला लगेच ओ देत नाही.

दादा
(खोपकर मास्तर म्हणत त्यांना, शिकवलं कुणालाच नाही)
एका दुपारी कोनाच्या मागे कान नेऊन म्हणाले,
"हा पाठीनंही बोलतो. आणि उलटं बोलतो.
तोंडानं हो, पाठीनं नाही.
आणि आपण ते नाही पेटीत कोंडतो,
वरून खिळे ठोकतो."

मग पेटीच्या बगलांना उभ्या चिरा पडल्या.
रसूलमिया पिंजाऱ्याकडून कापूस आला,
तोळ्यावर तोलून चिरांत भरला गेला.
आधी दोन तोळे, मग पाच, मग पुन्हा साडेतीन.
पाठीचा आवाज कापसातून वाट काढत
जरा उशिरा बाहेर पडावा,
इतकाच उशिरा, की पुढून वळसा घालून आलेला
त्याला बरोबर पेटीमागे गाठेल
आणि दोघं एकमेकांना पुसून टाकतील.

आईच्या गादीत त्या वर्षी कापूस कमी पडला.
ती म्हणाली, "नाही जरा उशिरा म्हटलं की आवाज मिटतो,
हे मला विचारलं असतंत
तर पेटी वाचली असती."

सत्त्याऐंशी साल. घटस्थापनेची रात्र.
जसुभाई मंडपवाल्यांनी एक कोपरा दिला,
वडाखालचा, जिथे कुणी गरब्याला येत नाही.
पुढे ढोल, चनियाचोळ्यांचा फिरता घेर, धूळ,
आणि पेटीमागे मी, रांगोळीचा डबा घेऊन
अंधारात पाऊल पाऊल सरकत.
ढोल छातीतून निघून गेला
की तिथे चिमूट सोडायची, असं ठरलं होतं.
पहाटे जमिनीवर एक वाकडी पांढरी रेघ दिसली,
विड्याच्या पानाला देठापाशी खोबण असते ना,
तशी.

दादा रेघेकडे बघतच नव्हते.
वडावर साळुंक्या होत्या.
दरसाल पहिल्या ढोलाला उठून स्टेशनकडे जाणाऱ्या,
दसरा उलटल्यावरच परतणाऱ्या,
त्या पिसांत चोच खुपसून जागच्या जागी.
"मोज," म्हणाले.
एकोणचाळीसपर्यंत आले, तर एक उडून
दुसऱ्या फांदीवर बसली.
पुन्हा पहिल्यापासून.

जसुभाईंनी पेटीपुढे उभं राहून ऐकलं,
मागे जाऊन ऐकलं,
पुन्हा पुढे आले. पिंक टाकली.
"मास्तर, मस्त छे. पण जे संभळातुं ज नथी,
एनुं भाडुं कोण आपे?"
जे ऐकूच येत नाही, त्याचं भाडं.
दादांनी खरोखर हिशेब करून पाहिला,
रद्दी बिलाच्या पाठीवर. मग बिल उलटं केलं.
उरलेल्या आठ रात्री
वडाच्या फांदीलाच जसुभाईंचे चार भोंगे होते.

पेटंटच्या कचेरीला अर्ज गेला.
आकृतीत पेटी, चिरा, कापूस, बाण,
आणि वर कोपऱ्यात साळुंक्या.
उत्तर आलं: पक्षी वगळून आकृती पुन्हा पाठवावी.
दादांनी टाक उचलला, ठेवला.
पक्षी वगळले नाहीत. अर्ज तिथेच राहिला.

पेटी दुकानात आहे अजून.
कापूस पिवळा पडलाय, एका चिरेत
कुणीतरी जुनी बसची तिकिटं खोचलीत.
गिऱ्हाईक बघतं, विचारतं,
"उंदरांनी कुरतडली का हो?"
मी वेढे मोजत असते.
त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी.
शहाऐंशीला तार तोडते, टोक वळवते,
आणि मग, जरा उशिरा,
सांगते: नाही.