महिन्याचा तिसरा मंगळवार

लाँच दिसली की मी होडी पाण्यात ढकलतो.
ओहोटीला तिला किनारा लागत नाही,
म्हणून नर्स, वजनकाटा, औषधांच्या पेट्या
आणि इन्सुलिनचा निळा थंड डबा
मी वल्हवत आणतो.
चिलोएच्या पल्याडचं हे बेट, इथे रस्ता म्हणजे पाणी.
पैसे मिळतात. थोडे, आणि उशिरा.

चौदा वर्षं झाली.
कुणाचं काय दुखतंय
ते मला आता पेटी उचलतानाच कळतं.
हिवाळ्यात दम्याचे पंप, म्हणून हलकी.
जानेवारीत, कोकरं भाजून झाल्यावर,
सगळ्यांच्याच गोळ्या वाढलेल्या.

एदेल्मिरा वेंचुर पहाटेपासून उपाशी,
दवाखान्याच्या बाकावर पहिली.
घरी तिच्या मातेच्या तुंब्यात
घोटाघोटाला साखर पडते.
"एकोणतीस दिवस माझे," ती म्हणते, "तिसावा डॉक्टरचा."
नर्स यास्ना सांगते, हे रक्त, बाई,
मागच्या तीन महिन्यांचं सगळं बोलतं.
"चहाडखोर मेलं," एदेल्मिरा म्हणते
आणि दुसरा हात पुढे करते,
जणू तो तरी गप्प बसेल.

रुपेर्तो तरुणपणी बुडी मारून शिंपले काढायचा,
छातीत हवा कोंडून, मिनिटं मोजत.
आता दवाखान्याची चढण तो तीन थांब्यांत चढतो:
फाटक, सफरचंदाचं झाड, चर्चची पायरी.
झाडापाशी जरा जास्तच थांबतो.
आम्ही समजतो, तो सफरचंदं बघतोय.
झाडाला सफरचंदं नसली तरी.

आणि मी?
मी होडीवाला. होडीवाला पेशंट नसतो.
इर्मा, आमच्या दवाखान्याची बारमाही बाई,
तिच्या वहीत माझं नाव आहे.
नावापुढे चौदा वर्षांचा कोरा कागद.

ऑगस्ट. आमच्याकडे ती भर थंडी.
रेडिओ सकाळीच म्हणाला, बंदर बंद.
लाँच येणार नाही, हे कोंबड्यांनाही कळलं होतं.
तरी सगळे आले.
ओले, वाकलेले, कार्डं प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
"उपाशी राहिले ते वाया कसं घालवू?"
एदेल्मिरा म्हणाली, आणि बाकावर बसली.

इर्माने शेगडी पेटवली.
पट्टा तिच्याकडे होता, टोचायची सुईही होती.
पाय मात्र नर्स बघायची.
मग रुपेर्तोने खिशातून दाढीचा आरसा काढला
(तो खिशात का होता, कुणी विचारलं नाही)
आणि मोजे उतरायला लागले.

साठ-सत्तर वर्षांचे तळवे,
चिखलातून, खडकांतून, बटाट्याच्या शेतातून आलेले.
नवऱ्यांनीही कधी इतक्या जवळून पाहिले नसतील.
एदेल्मिरा गुडघ्यांवर बसून
ओतिलियाच्या बोटांच्या बेचक्यात डोकावली.
"इथे काळं आहे."
"चिखल असेल."
ओल्या फडक्याने पुसलं.
पुन्हा पुसलं.
"दुखतं?"
"नाही गं. काहीच नाही."
शेगडीत लाकूड तडकलं, तेवढंच.
न दुखण्याचा अर्थ
त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होता.

इर्मा रेडिओकडे गेली.
मी इतका वेळ दारातच उभा होतो,
टोपीतून पाणी गळत.
कुणी मला काही म्हणालं नाही.
तिची खुर्ची मोकळी होती. बसलो.
बाही वर केली.
ती परत आली, मला पाहिलं, पट्टा गुंडाळला,
फुगवला, सोडला.
काही बोलली नाही.
पुन्हा फुगवला.

सप्टेंबरात लाँच आली.
ओतिलियाचं एक बोट शहरातच राहिलं.
बाकीचा पाय घरी आला, पांढऱ्या पट्टीत,
कडेवर घेतलेल्या बाळासारखा जपत.
होडीत ती माझ्यासमोर बसली, पेट्यांच्या मधे.
मी वल्ही जोरात ओढली, नेहमीसारखी.
"हळू," ती म्हणाली,
"तुलाही सांगितलंय ना आता."