टोपण

पाचशे पानांच्या पंगतीत
येसर आमटीचं मीठ
मी नुसत्या वासावरून सांगायचो.
आता खोकल्याच्या औषधाचं टोपण,
तेच माझं ताट.

पोट केळाएवढं ठेवलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
साठ ग्रॅम प्रोटीन रोज, चुकवायचं नाही.

चॉकलेटचा डबा: दुसऱ्या घोटाला घाम, मग मोरी.
व्हॅनिलाला नव्या गाडीच्या सीटचा वास.
आंब्याचा तर लईच गोड,
तो मेव्हण्याला दिला,
व्यायाम न करता पितो.

परभणीतला बियाणी मेडिकलवाला
आता सुट्या पुड्याच देतो मला.
"शेषेराव, आधी चाखा, मग डब्याचं बोला."

बिनवासाची पुडी राहिली होती शेवटची.
अनुसयानं काही विचारलं नाही.
येसर कालवून आमटी केली,
फडक्यातून गाळली, कोमट होऊ दिली.
उकळत्यात टाकली की भुकटी फाटते,
हे सकाळच्या पातेल्यानं शिकवलं होतं.

एक टोपण.
पंख्याकडे बघत बसलो दहा मिनिटं.
पोट गप्प.
दुसरं टोपण.

"मीठ?" ती दारातूनच.

कमी होतं.
पण सांगायला
तोंड रिकामं नव्हतं.