बाविसाव्या पट्टीवर

इबादानला डिसेंबरात वाळवंटाची धूळ उतरते,
आधी गंजक्या पत्र्यांवर, मग माझ्या चष्म्यावर.
मी काच पुसते, पुन्हा पडद्याकडे बघते.
तेवीस आडव्या पट्ट्या:
एका तान्ह्या मुलीला आईकडून
काय काय आलं, त्याचा हिशोब.

निळा म्हणजे आजी. गेरू म्हणजे आजोबा,
ओग्बोमोशोचा ट्रक ड्रायव्हर, सुईला घाबरणारा.
पहिल्या पट्टीवर गेरू लांबवर चालत जातो,
मग मध्येच निळा,
मग पुन्हा गेरू, जणू काही झालंच नाही.

आजीचं रक्त मीच घेतलं होतं.
शीर सापडत नव्हती.
"शोध सावकाश," अशाबी म्हणाली,
"मला कुठे जायचंय?"
इसेयिनचे विणकर वीतभर रुंदीचं कापड विणायचे
आणि ती ते काठाला काठ लावून शिवायची,
लग्नाचे घोळदार झगे व्हायचे त्यांचे.
शिवण दिसली तर पैसे परत, अशी तिची बोली होती.
कुणी कधी मागितले नाहीत म्हणे.

माझं काम उलटं. शिवण शोधायची.
ती कुठेही पडत नाही. ठरलेल्या जागा असतात,
घडी पडून पडून विरलेल्या,
आणि मधलं कापड अखंड,
कुणीच न उसवलेलं, या शहराहून कितीतरी जुनं.
आमच्याकडचे तुकडे आखूड भरतात.
जुनी माणसं तुम्ही, असं बाहेरून आलेले तज्ज्ञ सांगतात,
तुमच्यात कात्री फार काळ चालली.
हे ते कौतुकाने म्हणतात की कसं,
मला अजून कळलेलं नाही.

अशाबी गेली त्याच्या चाळिसाव्या दिवशी नात झाली.
नाव ठेवलं येवांदे:
आई मला शोधत आली.
बारशाला सगळ्या म्हाताऱ्या तेच बोलत होत्या,
आजीच्याच वळणावर गेलीय, कपाळ बघा, जांभई बघा.

पडदा म्हणतो, शंभरात चव्वेचाळीस.
अठराव्या पट्टीवर आजीचा मागमूसही नाही,
सगळा ट्रक ड्रायव्हर.

आणि खाली, जवळजवळ शेवटाला,
बोटाच्या पेराएवढं बाविसावं गुणसूत्र.
निळं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं.
मी दोनदा तपासलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून.
एकही सांधा नाही.

आज मोजिसोला आली, पोर पाठीला बांधून.
बाईंना काय काय दिसतं त्या यंत्रात, तिने विचारलं.
माझी आई किती आली?
आमच्या नियमात माणसांना नावं नसतात, आकडे असतात,
आणि आकड्यांना उत्तरं द्यायची नसतात.
शिवाय त्या बाविसाव्यात आहे काय?
तिचे हात? तिची बोली?
मला माहीत नाही. कुणालाच नीटसं माहीत नाही.

तेव्हा मी तिला दुसरंच सांगितलं,
जे पुस्तकात कुणालाही वाचता येतं.
म्हटलं, मुलीचं बीज तयार होतं
ते आई अजून जन्मायची असते तेव्हा.
तू पोटात होतीस, चार-पाच महिन्यांची,
तेव्हाच तुझ्या आत ही कापाकापी झाली,
आईबापांचं कापड शेजारी शेजारी ठेवून.

मोजिसोला काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"म्हणजे ती शिवत होती, तेव्हा."
ट्रकवाल्याशी भांडून, पाय लांब करून,
पोटावर कापड पसरून शिवायची ती, सातव्या महिन्यापर्यंत.

वीज गेली. पंखा थांबला.
फ्रीजरमध्ये अशाबीचे अजून दोन थेंब आहेत.
जनरेटर सुरू होईतो मी दारावर हात ठेवून उभी राहिले,
उगीच, त्याने थंडी टिकते असं नाही.
येवांदेला शिंक आली.
धुळीने असेल.