डाव्या हाताची कात्री

बारा हजार पेसो. मोजले.
पुन्हा मोजले, वाढले नाहीत.
एवढ्यात शिवणाची खोली लावायची.
खोली कसली, दाराबाहेर काढलेली पडवी,
वर पत्रा, आणि पुंता अरेनासचा वारा
दिवसभर त्या पत्र्यावर टीप मारत बसलेला,
टाका लांब, दोरा सैल.

दुकानात एक फडताळ बघितलं, पांढरंशुभ्र, चोवीस खणांचं.
किंमत वाचली. नाकापेक्षा मोती जड.
तशीच बंदरावर गेले.
ओस्वाल्दोने सफरचंदांची रिकामी खोकी दिली सात,
वर एक फुटकं,
म्हणाला, खिळे तुझे तू काढ.
काढले. दगडावर सरळ केले. तेच पुन्हा ठोकले.
अख्खी दुपार गेली,
पण दुपारीचे कुणी पैसे मागत नाही.

नवऱ्याचं खेकडे धरायचं जुनं जाळं
भिंतीभर ताणलं, त्यात रिळं अडकवली.
दिसतं झकास.
फक्त हवा दमट झाली की समुद्र आठवतो त्याला,
आणि शाळेच्या गणवेशाची आई
कापड हुंगून माझ्याकडे बघते.

झिपा गळ्यांच्या आकड्यांना.
बॉबिनी अंड्यांच्या पुठ्ठ्यात, एकेका खळग्यात एकेक.
कागदी बेतांच्या गुंडाळ्या गटाराच्या उरलेल्या नळीत.
इथवर सगळं सरळ धाग्यात चाललं होतं.

मग बटणं.
मुरंब्याच्या बरण्या धुऊन ठेवल्या होत्या, रंगाला एक.
पहिलंच हाताला लागलं ते निळं,
दोन्या एर्मेलिंदाच्या कोटाचं,
जो तिने कधी नेलाच नाही.
आता हे निळ्यांत कसं टाकू?
संध्याकाळपर्यंत (इथे जूनमध्ये ती पाचच्या आत होते)
बरण्यांवर रंग नव्हते, माणसं होती.
एका बरणीवर लिहिलं: देणेकरी.
ती सगळ्यांत भरलेली.

आणि खोक्याच्या तळाशी कात्री.
सुनिल्दाची. डाव्या हाताची.
ही उजव्या हातात धरा, कापड कापत नाही,
चघळते.
सहा वर्षं झाली. भाचीचा झगा आम्ही दोघींनी बेतला,
बाही आखूड गेली,
आणि मी भर जेवणाच्या टेबलावर म्हटलं,
डाव्या हाताने कापलं की असंच व्हायचं.
माप मी घेतलं होतं.
हे तेव्हाच ठाऊक होतं मला.
ती ताटावरून उठली, कोट घेतला, कात्री विसरली.
तीन गल्ल्या पलीकडे राहते.
वाऱ्याच्या दिवशी कोपऱ्यावरच्या दोराला धरून
दोघी समोरासमोर येतो, आणि एकीला दोर सोडावा लागतो.
बहुतेक ती सोडते.

जागेचाही हिशेब असतोच ना, पैशासारखा.
टेबलाच्या डावीकडची भिंत मला इस्त्रीला हवी होती.
तिथे एक खिळा ठोकला. सरळ न केलेला, नवा,
त्याचे वेगळे पैसे मोजले.
कात्री टांगली.
माझ्या खुर्चीवरून हात पोचत नाही तिथवर.
डावीकडे कुणी बसलं तरच.

उरले चौदाशे.
चर्चच्या जुन्या बाजारात एक खुर्ची होती, एक पाय आखूड,
त्याखाली चिंध्यांची घडी घातली.
घासाघीस न करता घेतलेली आयुष्यातली पहिली वस्तू.

मी तिला फोन केला नाही.
तेवढा धागा अजून ओवता येत नाही मला.
आज सकाळी बेकरीत गेले, जिथून तीही पाव नेते,
आणि गल्ल्यावरच्या रोसाउराला जरा मोठ्यानेच सांगितलं:
खोली लागली बाई एकदाची.
दोन खुर्च्या मावल्या.

रोसाउराच्या पोटात काही राहत नाही.
अकरा वाजलेत.
पाव अजून गरम असेल.