फुकटचं भुयार

रात्रपाळी नव्हती. सातपूरच्या खोलीवर
फोनमध्ये सापडलं: एक भुयार, चौदा पानं, मोफत.
कुणा परक्यानं टाइपरायटरवर ठोकलेलं,
माझ्या जन्माआधी.

कॅनडा कॉर्नरच्या झेरॉक्सवाल्यानं
नकाशा उलटासुलटा करून पाहिला.
"घराचा प्लॅन का? वरचा मजला कुठंय?"
म्हटलं, जिना फक्त खाली जातो.
अठ्ठावीस रुपये झाले.

वीस बाजूंचा फासा आमच्याकडे नाही.
हाउजीचे एक ते वीस आकडे
तपकिरीच्या डबीत. हलवायचे, काढायचे.
शबनूरला सारखा तीन.
उन्मेष वहीत मशालीचं तेल मोजतो,
कंपनीत कूलंट मोजतो तसं.

सातव्या दालनाशेजारी तळं होतं,
गोल, काठाला गडद, मध्ये फिकट.
मजकुरात त्याच्याबद्दल अक्षर नाही.
मी आपलं म्हटलं, खोल आहे.
शबनूर उतरली. आकडा निघाला दोन.
बुडाली.

पहाटे चहा टाकताना नीट दिसलं:
कपाचा डाग.
चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी
नकाशावरच कप टेकवला होता,
उचलायला विसरला होता.

तिला सांगितलं नाही.
ती नवं पात्र लिहायला बसली होती,
आणि विचारत होती
त्या तळ्याचं नाव.